एका निळ्या-पांढऱ्या तारेवर तीन ॲम्प आणि दोन पंखे: रिमोट कसा वाटायचा?

आसरा_चौक_१३

गाडी पेट्रोल हॅचबॅक, डेक (स्टिरिओ) कंपनीचा नाही, बाहेरून घेऊन बसवलेला. डिकीत तीन ॲम्प (ॲम्प्लिफायर) आहेत: दारांच्या स्पीकरना चार चॅनेल, बूफरला मोनो आणि मागच्या ओव्हल स्पीकरना एक जुना दोन चॅनेल. ॲम्पच्या फळीवर ८० मिमीचे दोन पंखे. डेकची निळी-पांढरी तार, म्हणजे डेक चालू झाला की ॲम्पला चालू व्हायला सांगणारी रिमोटची तार, अर्धा स्क्वेअर एमएमच्या वायरने मागे आणली आहे. पहिल्या ॲम्पच्या रिमोटमधून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला, आणि तिथूनच पंख्यांना.

अडचण अशी की जुना ॲम्प चालता चालता बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप लागतो. बाकीचे दोन चालूच राहतात. सल्ले दोन मिळाले, "रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) टाका" आणि "जुना ॲम्प काढून टाका". नक्की काय करावं? रिले टाकायचा तर कुठे आणि कसा?

ओहमचा_नियम

आधी एक सांगा, बंद पडतो तेव्हा दिवा लाल होतो की नुसता विझतो? लाल झाला तर ॲम्प प्रोटेक्शनला गेला, म्हणजे स्पीकरची तार चेसिसला लागतेय, स्पीकरचा इम्पिडन्स (रोध) कमी पडतोय किंवा ॲम्प तापलाय. त्याचा रिमोटशी संबंध नाही. दिवा विझत असेल तर मेन प्लस, अर्थ आणि रिमोट या तिघांपैकी एक जातंय.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन त्या ॲम्पच्याच अर्थच्या स्क्रूवर. लांब चेसिसवर नको, नाहीतर अर्थचा दोष लपतो. लाल पिन आधी मेन प्लसवर, मग रिमोटवर. डेक चालू, पंखे चालू. मग पंख्यांची तार सोडवून तेच परत. चारही आकडे इथे टाका, पुढचं त्यावर बोलू. न मोजता रिले टाकणं म्हणजे ताप न बघता गोळी घेणं.

तारतंत्र

वरच्याला जोडून एक सूचना. निळ्या-पांढऱ्या तारेवर टेस्ट लॅम्प लावू नका. आपल्याकडे वायरमनच्या खिशात मल्टिमीटर नसतो, बल्ब असतो. ५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला ०.४२ ॲम्पिअर खातो आणि बऱ्याच डेकच्या मॅन्युअलमध्ये या तारेची मर्यादा ३०० मिलिॲम्पिअर छापलेली असते. म्हणजे तपासतानाच ओव्हरलोड. आणि "करंट येतोय का बघू" म्हणून तार चेसिसला घासून ठिणगी काढली तर डेकमधला छोटा ट्रान्झिस्टर जातो. डेक बाकी सगळा चालतो, फक्त रिमोट कायमचा मरतो.

होटगीरोडकर

मालक, तीन ॲम्प म्हटले की रिले पाहिजेच. यात मोजायचं काय? दोनपर्यंत थेट, तीनपासून रिले. सरळ हिशोब.

ओहमचा_नियम

@होटगीरोडकर, हा हिशोब सरळ दिसतो पण उलटा पडतो. ॲम्पचं रिमोट टर्मिनल वीज खाण्यासाठी नसतं. आत एक रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टरचा बेस असतो, त्याला फक्त "ऊठ" एवढा निरोप लागतो. आजकालचे ॲम्प तिथे साधारण ५ ते २० मिलिॲम्पिअर घेतात, काही जुने त्याहून जास्त. गाडीतल्या साध्या चौकोनी रिलेची कॉइल मात्र ८० ते १०० ओहमची. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टला ८६ ओहम धरा: १३.८ भागिले ८६ म्हणजे ०.१६ ॲम्पिअर. १६० मिलिॲम्पिअर!

म्हणजे १५-१५ मिलिॲम्पिअरचे तीन ॲम्प थेट जोडले तर डेकवर ४५चा भार, आणि "डेकला त्रास नको" म्हणून रिले टाकला तर १६०चा. ज्या डेकची मर्यादा १०० मिलिॲम्पिअर छापली आहे, त्याला वाचवायला आणलेला रिलेच त्याला मारेल. रिले कधी टाकायचा हे ॲम्पच्या संख्येवरून ठरत नाही, एकूण मिलिॲम्पिअरवरून ठरतं.

आसरा_चौक_१३

दिवा लाल होत नाही, सरळ विझतो. रीडिंग (इंजिन बंद, डेक चालू):

जुन्या ॲम्पचा मेन प्लस १२.४.
पंखे जोडलेले असताना रिमोट ९.०. डेकच्या मागे तीच तार ९.१.
पंखे सोडवून रिमोट १२.१, डेकच्या मागेही १२.१.

डेकच्या मॅन्युअलमध्ये निळ्या-पांढऱ्यापुढे कमाल ३०० मिलिॲम्पिअर लिहिलंय.

ओहमचा_नियम

झालं, उत्तर यातच आहे. डेकपासून डिकीपर्यंत वायरमध्ये फक्त ०.१ व्होल्ट पडतोय, म्हणजे वायर आणि जोड ठीक. अर्धा स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण ०.०४ ओहम. पाच मीटरला ०.२ ओहम, अर्धा ॲम्पिअर वाहिला तरी ०.१ व्होल्टच जातो. त्यामुळे "रिमोटला जाड वायर टाका" या सल्ल्याला अर्थ नाही. जाड घ्यायचीच तर ०.७५ घ्या, पण ती ओढताना तुटू नये म्हणून. करंटसाठी नाही.

व्होल्ट पडताहेत ते डेकच्या पोटात. पंखे जोडले की डेकचं आउटपुट ३ व्होल्टने बसतं. बाकीचे दोन ॲम्प ९ व्होल्टवरही जागे राहतात, जुन्याची जागं राहायची पातळी बहुधा त्याच्याच आसपास आहे. म्हणून तोच उंबरठ्यावर आत-बाहेर करतो. त्याला काढू नका, त्याचा गुन्हा नाही.

आता प्रत्येकाचा करंट मोजा. मीटरची लाल पिन १० ॲम्पिअरच्या भोकात हलवा, मिलिॲम्पिअरच्या नको. तिथे आत बऱ्याच मीटरांत २०० मिलिॲम्पिअरच्या आसपासचा छोटा फ्यूज असतो आणि पंख्यांनी तो उडू शकतो. मीटर मालिकेत लावायचा: डेककडून येणारी तार एका पिनला, ॲम्पचं रिमोट दुसऱ्या पिनला. एका वेळी एकच. ॲम्पचा आकडा इतका छोटा आला की १० च्या रेंजवर धड वाचता येत नाही, तरच पिन मिलिॲम्पिअरमध्ये हलवा. आणि मोजून झाल्यावर पिन परत व्होल्टच्या भोकात. हे विसरून तसाच व्होल्ट मोजायला गेलात तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट.

बूफर_बारशी

जुन्या ॲम्पचा अर्थपण बघून घ्या. अर्थ ढिला असला तरी दिवा असाच विझतो.

तारतंत्र

@बूफर_बारशी, मुद्दा रास्त, पण पंखे काढल्यावर रिमोट १२.१ होतोय, मग इथे अर्थवर संशय कमी. अर्थ बघायचाच तर मोठ्या आवाजात बघावा. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर लांब वायरने न्यायची आणि लाल ॲम्पच्या अर्थ स्क्रूवर. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर रंग खरवडून थिंबल (तारेच्या टोकाची कडी) परत आवळा.

आसरा_चौक_१३

मोजलं:

चार चॅनेल ९ मिलिॲम्पिअर
मोनो १४
जुना दोन चॅनेल ४८
पंखे प्रत्येकी १७०, दोन्ही मिळून ३४०

एकूण ४११. नुसते ॲम्प ७१.

होटगीरोडकर

बरं, मान्य. ॲम्प ७१ आणि पंखे ३४०. काय बे हे पंखे, घरचे जावई! म्हणजे ॲम्प थेट राहू द्यायचे आणि फक्त पंख्यांना रिले द्यायचा?

ओहमचा_नियम

तसंही चालेल. ॲम्प ७१ अधिक कॉइल १६० म्हणजे २३१, तीनशेच्या आत. पण सगळंच रिलेमागे टाकलं तर डेकवर फक्त १६० राहतो, आणि पुढे कुणी चौथी वस्तू जोडली तरी डेकला पत्ता लागत नाही. रिले घ्यायचाच आहे तर तो फक्त पंख्यांवर खर्च करू नका.

तारतंत्र

आता जोडणी. सविस्तर लिहितो, कारण याच ठिकाणी लोक डेक जाळतात.

सामान: १२ व्होल्टचा चार किंवा पाच पायांचा रिले, त्याचा वायरवाला बेस, ब्लेड फ्यूजचा इनलाइन होल्डर, ३ ॲम्पिअरचा फ्यूज, १एन४००७ डायोड एक, ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर तीन-चार मीटर, दोन-तीन मापांचं हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि स्क्रू टर्मिनलसाठी पिन लग.

रिले डिकीतच बसवा. डॅशखाली बसवला तर बॅटरीचा प्लस वेगळा पुढे आणावा लागतो. डिकीत मेन वायरचा डिस्ट्रिब्युशन ब्लॉक आधीच आहे. ३० नंबरच्या पायाला तिथूनच प्लस घ्या आणि फ्यूज ब्लॉकपासून वीतभर अंतराच्या आत बसवा. फ्यूज त्याच्या पुढच्या वायरला वाचवतो. तो रिलेजवळ लावला तर ब्लॉक ते फ्यूज एवढी वायर उघडीच राहिली.

८५ चेसिसला, ॲम्प जिथे अर्थ केले आहेत त्याच बोल्टवर. ८६ ला डेकची निळी-पांढरी. ८७ मधून तिन्ही ॲम्पचे रिमोट आणि पंख्यांचे प्लस. पंख्यांचे मायनस चेसिसला.

पायाचा नंबर वाचून जोडा, जागा बघून नाही. काही रिलेंमध्ये ३० आणि ८६ यांच्या जागांची अदलाबदल असते. इंटरनेटवरचं चित्र समोर ठेवून जागेप्रमाणे जोडलं तर बॅटरीचा प्लस कॉइलमध्ये जातो, रिले कायम ओढलेला राहतो आणि डेकची निळी तार ॲम्पच्या रिमोटवर येते. वरून सगळं चालतंय असंच वाटतं, गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी मात्र बसलेली असते. पाच पायांच्या रिलेत मधला पाय बहुतेक वेळा ८७ए असतो, म्हणजे रिले बंद असताना जोडलेला. चुकून तोच वापरला तर डेक चालू केला की ॲम्प बंद आणि डेक बंद केला की ॲम्प चालू. काहींत मधला पायही ८७च असतो, त्याची हरकत नाही.

डायोड कॉइलला आडवा, पट्टीची बाजू ८६ कडे. कॉइलचा करंट तुटला की ती उलटा झटका मारते, तो डायोड गिळतो. नाही लावला तर डेकचा तो छोटा ट्रान्झिस्टर रोज एक फटका खातो.

अक्कलकोट_नाका

डायोड उलटा बसला तर?

तारतंत्र

तर निळी-पांढरी तार डायोडमधून सरळ चेसिसला. शॉर्ट. डेक चालू करताच आउटपुट गेलं.

आणि एक गोम आहे. डायोड एकदा कॉइलला जोडला की मल्टिमीटरने तो सुलटा की उलटा हे कळत नाही. ८६ ओहमच्या कॉइलमधून मीटरचा करंट जातो, डायोड उघडण्याइतका व्होल्ट तयारच होत नाही, दोन्ही दिशांनी आकडा सारखा येतो. म्हणून डायोड सुटा असताना डायोड रेंजवर तपासा: एका दिशेने ०.५ ते ०.७, दुसऱ्या दिशेने काहीच नाही.

जोडून झाल्यावरची खात्री अशी करायची. ८६ ला डेकची तार लावायच्या आधी बॅटरीचा प्लस पार्किंगच्या ५ वॅटच्या बल्बमधून द्या. रिले टक्क वाजला आणि बल्ब काळाच राहिला तर बरोबर. बल्ब भक्क पेटला आणि रिले गप्प, तर डायोड उलटा. वर टेस्ट लॅम्पला नावं ठेवली, पण इथे तोच कामाला येतो, कारण करंट डेकचा नाही, बॅटरीचा आहे.

काही रिलेंच्या आतच डायोड असतो. डबीवर छापलेल्या आकृतीत दिसेल. त्यात ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हे पाळावंच लागतं. आकृतीत नुसता रेझिस्टर असेल तर दिशा कुठलीही चालते आणि बाहेरून डायोड लावायची गरज नाही.

डिकीभर_आवाज

ज्यांच्या डेकची मर्यादा १०० मिलिॲम्पिअर आहे त्यांनी काय करायचं? पंखे तर पाहिजेतच, एप्रिल-मेमध्ये बंद गाडीची डिकी इथे भट्टी होते.

ओहमचा_नियम

छोटा पीसीबी रिले घ्यायचा. निळ्या डबीतला, १२ व्होल्ट, कॉइल ४०० ओहम. करंट ३० ते ३५ मिलिॲम्पिअर. पंखे आणि रिमोट मिळून अर्धा ॲम्पिअर, त्यासाठी त्याचे कॉन्टॅक्ट भरपूर आहेत. फक्त तो गाडीच्या हादऱ्यासाठी घडवलेला नाही, नुसता वायरला लटकवू नका. पीसीबीच्या तुकड्यावर सोल्डर करून डबीत बंद करा. डायोड इथेही हवाच.

दुसरा रस्ता म्हणजे पंखे रिमोटवरून पूर्ण काढून टाकायचे. केएसडी३०१ हा छोटा थर्मल स्विच मिळतो, ॲम्पच्या हीट सिंकवर स्क्रूने बसतो, ठरलेल्या तापमानाला जोडतो. घेताना "नॉर्मली ओपन" (थंड असताना उघडा राहणारा) मागा, दुकानदार हाताला येईल तो देतो. ४५ अंशांचा घेतला तर सोलापूरच्या उन्हाळ्यात गाडी नुसती उभी असली तरी तो जोडलेला राहील. ५५ किंवा ६० चा घ्या. आणि त्याचा प्लस रिलेच्या ८७ वरूनच घ्या, थेट बॅटरीवरून नको, म्हणजे गाडी उन्हात उभी असताना पंखे बॅटरी खात बसणार नाहीत.

जाता जाता: डिकीतल्या ॲम्पवर चादर टाकून "झाकून" ठेवणारे बरेच आहेत. आपली चादर थंडीत उत्तम, हीट सिंकवर नाही.

बूफर_बारशी

एक शंका. एकातून दुसऱ्यात अशी साखळी बरी की एका जागेवरून तिघांना वेगळ्या तारा?

होटगीरोडकर

करंट एवढा कमी की विजेच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. फरक पडतो दुरुस्तीला. साखळीत दुसऱ्या ॲम्पचा स्क्रू ढिला झाला की तिसराही जातो, आणि माणूस तिसऱ्याला उघडून बसतो. शिवाय एका भोकात दोन तारा कोंबल्या की एक घट्ट बसते, दुसरी हादऱ्याने सुटते. साखळीच करायची तर दोन्ही टोकं एकत्र पिळून एकाच पिन लगमध्ये दाबा, मग स्क्रूखाली घाला. वेगळ्या तारांना ८७ वरून आलेली एक वायर चार-पाच स्क्रूच्या टर्मिनल पट्टीवर बांधा. पाच मिनिटं जास्त लागतात, पण नंतर एकेक ॲम्प सोडवून तपासता येतो.

ते निळे चिमटे, वायर न कापता टॅप काढायचे, ते नको. बारीक वायरचे निम्मे धागे त्यातच कापले जातात. साधी काळी टेपही एकटी नको. इथल्या उन्हात तिचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि जोड उघडा पडतो. सोल्डर किंवा क्रिंप आणि वर हीट श्रिंक.

अक्कलकोट_नाका

माझा प्रश्न जरा वेगळा. गाडीत कंपनीचाच टचस्क्रीन आहे, मागे निळी-पांढरी तारच नाही. दोन ॲम्प बसवायचेत. रिमोट कुठून आणायचा?

ओहमचा_नियम

तीन रस्ते आहेत.

सगळ्यात स्वच्छ: स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घेणारा लाइन आउट कन्व्हर्टर, ज्याला स्वतःचं रिमोट आउटपुट आहे असा. तो स्पीकरच्या तारा बघून जागा होतो आणि ॲम्पला उठवतो. त्याच्या आउटपुटचीही मर्यादा कागदावर असते, वाचा.

दुसरा: ॲम्पमध्येच हाय लेव्हल इनपुट आणि ऑटो टर्न-ऑन असेल तर रिमोटची तार लागतच नाही. कंपनीच्या बहुतेक स्टिरिओंमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास डीसी उभा असतो. ॲम्प तो ओळखतो. मल्टिमीटरने स्पीकरची एक तार आणि चेसिस यांमध्ये बघा. स्टिरिओ चालू असताना ६ च्या जवळ आणि बंद असताना शून्य आलं तर हे चालेल. काही ॲम्प असे जागे झाले की स्वतःच्या रिमोट टर्मिनलवर १२ व्होल्ट बाहेर देतात, त्यावरून दुसरा ॲम्प उठवता येतो. सगळे देत नाहीत, मॅन्युअल बघा. आणि अशा स्टिरिओत स्पीकरची मायनस तार चेसिसला कधीही लावू नका. ती मायनस नसतेच, तिच्यावरही ६ व्होल्ट असतात, आउटपुटची आयसी जाते.

तिसरा: फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने ॲक्सेसरीचा प्लस, सहसा १२ व्होल्ट सॉकेटच्या फ्यूजवरून. चावी काढल्यावर तो शून्य होतो का ते आधी बघा, काही गाड्यांत सॉकेट कायम जिवंत असतं. एअरबॅग, एबीएस किंवा ईसीयूच्या फ्यूजला हात लावायचा नाही. हा रस्ता स्वस्त, पण स्टिरिओ बंद असला तरी चावी असेपर्यंत ॲम्प चालू, आणि स्टिरिओ नंतर जागा होतो म्हणून धप्प आवाज येऊ शकतो.

डिकीभर_आवाज

धप्पवरून आठवलं. डेक आणि ॲम्पच्या मध्ये आवाजाचा प्रोसेसर लावला असेल तर रिमोट डेकवरून आधी प्रोसेसरला द्या आणि प्रोसेसरच्या रिमोट आउटवरून रिलेच्या ८६ ला. प्रोसेसर आधी सावरतो, मग ॲम्पना उठवतो. बंद होताना ॲम्प आधी झोपतात. डेकची तार दोघांनाही समांतर दिली तर प्रोसेसर चालू होतानाचा झटका ॲम्प इमानेइतबारे मोठा करून बूफरला देतो. अर्थात प्रोसेसरच्या रिमोट आउटची क्षमताही कमी असू शकते. तिथे वरचा छोटा रिले.

रिमोट तारेवर मोठा कपॅसिटर लावून उशीर करायचा जुगाड दिसतो, तो करू नका. व्होल्ट हळूहळू चढतो, ॲम्प उंबरठ्यावर लुकलुकतो आणि एका धप्पच्या जागी तीन येतात. उशीर हवा असेल तर टायमर रिले घ्या, तो एकदम जोडतो.

बूफर_बारशी

आणि २४ व्होल्टचा ट्रक असेल तर? डेक आणि दोन ॲम्प, तिन्ही १२ व्होल्टचे.

तारतंत्र

२४ चे १२ करणारा कन्व्हर्टर, ॲम्पचा पूर्ण करंट झेपेल एवढा. डेक आणि ॲम्प दोन्ही त्याच्याच आउटपुटवर, मग डेकची निळी-पांढरी आपोआप १२ची मिळते आणि रिलेही १२चाच लागतो. चावीचा २४ व्होल्ट सरळ ॲम्पच्या रिमोटला दिला तर इनपुटचा भाग जाऊ शकतो. चावीवरून कन्व्हर्टर चालू-बंद करायचा असेल तर तो रिले मात्र २४च्या कॉइलचा.

दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ काढायची पद्धत सर्रास आहे आणि ती दोन्ही बॅटऱ्या खाते. जिच्यावर भार आहे ती कायम अर्धी भरते. अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करतो, त्यामुळे दुसरी जास्त भरून उकळते.

होटगीरोडकर

एक दोष राहिला. कधीकधी एखाद्या जुन्या ॲम्पच्या रिमोट टर्मिनलवरच आतून व्होल्ट गळतो. डेक बंद केला तरी साखळीतले बाकीचे ॲम्प अर्धवट जागे राहतात. तपासायला सगळे रिमोट सुटे करा, मेन प्लस जोडलेलाच ठेवा, चावी काढा आणि प्रत्येक रिमोट टर्मिनल अर्थशी मोजा. शून्य यायला हवं. ज्याच्यावर दोन-चार व्होल्ट दिसतील त्याच्या तारेत मालिकेत एक १एन४००७, पट्टी ॲम्पकडे. ०.७ व्होल्ट जातो, त्याने बिघडत नाही.

सगळं झाल्यावर झोपलेल्या गाडीचा करंट मोजा, तेही १० ॲम्पिअरच्या भोकातून, बॅटरीच्या मायनसला मालिकेत. दारं बंद, चावी लांब, अर्धा तास थांबून. ५० मिलिॲम्पिअरच्या आत असला की झोप लागायला हरकत नाही. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका आणि डेकपण चालू करू नका. तीन ॲम्प चुकून जागे राहिले आणि नुसते बसून मिळून ३ ॲम्पिअर खाल्ले, तर ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी बारा तासांच्या आत रिकामी. रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी सेल्फ घेणार नाही.

आसरा_चौक_१३

रिले बसवला. कॉइल ८७ ओहम, आकृतीत आत काही नाही, म्हणून डायोड बाहेरून. बल्बची चाचणी घेतली: टक्क वाजला, बल्ब काळा. तिन्ही ॲम्प टर्मिनल पट्टीवर वेगळे, पंखे त्याच पट्टीवर.

इंजिन चालू, पंखे चालू: ८६ वर १२.९, पट्टीवर १३.७, जुन्या ॲम्पच्या रिमोटवरही १३.७. तासभर चालवला, एकदाही विझला नाही. झोपेतला करंट २२ मिलिॲम्पिअर.

८६ वर १२.९ च का? मेन प्लस तर १३.८ आहे.

ओहमचा_नियम

तो ०.९ डेकच्या आतल्या ट्रान्झिस्टरवर आणि वाटेत पडतो, १५० मिलिॲम्पिअरला एवढा चालतो. तोच फरक पुढे कधी दोन-तीन व्होल्टवर गेलेला दिसला तर निळ्या-पांढऱ्यावर कुणीतरी अजून काहीतरी जोडलंय असं समजा. डॅशमागे डॅशकॅम नाहीतर एलईडी पट्टी शोधा.

तारतंत्र

फ्यूज होल्डरवर कागदाची चिठ्ठी हीट श्रिंकखाली घालून ठेवा: "रिमोट रिले, ३ ॲम्पिअर". पुढचा वायरमन तिथे १५चा ठोकतो.